रिलीव्हर आल्याशिवाय

माझ्या तोंडून सरकारची तारीफ ऐकायची असेल तर आधी बसून घ्या, उभ्यानं चक्कर यायची. हे माझी बायको म्हणते, मी नाही. सगळी नोकरी मी युनियनमध्ये काढली. गेट मीटिंग असो, घेराव असो, दुर्गच्या कलेक्टर कचेरीसमोरचं धरणं असो, माईक माझ्या हातात. ‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ हे मी भाषणात इतक्यांदा म्हटलं की शेवटी शेवटी लोक माझ्याआधीच म्हणायला लागले. रडल्याशिवाय आई दूध पाजत नाही आणि ओरडल्याशिवाय सरकार ऐकत नाही, यावर माझा पक्का विश्वास. लिहायला बसलो की हात शाळेतली मराठी लिहितो, तोंड मात्र अजून भंडाऱ्याचंच आहे. त्या तोंडानं मी आज एका सरकारी बाईची तारीफ करणार आहे. तिचं नाव लिहीत नाही, कारण तिनंच मनाई केली आहे.

पण आधी माझ्या मित्राबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

मी भिलाईच्या प्लांटमध्ये क्रेन चालवायला लागलो तेव्हा सेक्टर २ मध्ये क्वार्टर मिळालं. भिंतीला भिंत लागून एक मलयाळी कुटुंब राहायचं. नवरा-बायको आणि एक पोरगं. नवरा माझ्याच शॉपमध्ये, म्हणजे प्लांटच्या त्याच विभागात, माझ्याच क्रेनवर. शिफ्ट दर आठवड्याला बदलायची, कधी सकाळ, कधी दुपार, कधी रात्र, पण आमचा क्रम कधी बदलला नाही. तो उतरायचा आणि मी चढायचो. प्लांटच्या भाषेत मी त्याचा रिलीव्हर.

आमची क्रेन वितळलेलं लोखंड उचलायची. खाली माणसं काम करत असायची, त्यांच्या डोक्यावर तळपत्या लोखंडानं भरलेली भलीमोठी बादली, आणि तिच्याही वर काचेच्या केबिनमध्ये एकटा माणूस. आता तो माणूस शिफ्ट संपली म्हणून उठून चालता झाला तर? म्हणून नियम एकच. रिलीव्हर शिडी चढून केबिनमध्ये आल्याशिवाय जागा सोडायची नाही. घरी बायको बाळंत होवो की बाप आजारी पडो. रिलीव्हर आलाच नाही तर पुढची शिफ्टही तुझीच. यावर आम्ही युनियनवाल्यांनी कधी भांडण केलं नाही, बाकी सगळ्यावर केलं.

आमची मैत्री त्या शिडीच्या माथ्यावरची. तो केबिनमधून बाहेर यायचा, टोपी काढायचा आणि म्हणायचा, “ब्रेक थोडा ढिला आहे, सांभाळ. आणि बायकोनं मासे केलेत, तुझ्या घरी वाटी पोचली आहे.” झालं आमचं बोलणं. एवढ्या बोलण्यावर आम्ही पूर्ण नोकरी काढली आणि पुढं हुडको कॉलनीत घरंही शेजारीशेजारी घेतली. त्यासाठी दलालापुढं मला असा घसा फोडावा लागला की तो म्हणाला, काका, तुम्ही घर घ्या पण मले सोडा.

त्याचं पोरगं मोठं होऊन चर्चचं फादर झालं. एकुलतं एक पोरगं. त्या दिवशी माझा मित्र शिडीच्या माथ्यावर रडला. मग तोंड पुसून म्हणाला, “जाऊ दे, तोही ड्युटीलाच गेलाय.” रिटायर झाल्यावर काही वर्षांनी मित्र गेला. त्याची बायको, जिला आमची पूर्ण गल्ली अम्मा म्हणते, हुडकोच्या घरात एकटी राहिली. एकटी म्हणायचं आपलं. सकाळचा चहा आमच्याकडे आणि दुपारचा तिच्याकडे, मधे फक्त कमरेएवढी भिंत. पोराला ती ‘मोने’ म्हणायची, त्यांच्या भाषेत बेटा. म्हणून आम्हीही मोनेच म्हणायचो.

मोने आफ्रिकेतल्या एका देशात होता. आंधळ्या मुलांचं वसतिगृह चालवायचा. नाताळात सुट्टी मिळाली तर यायचा, माझ्या बायकोच्या हातचा झुणका खायचा आणि ती मुलं बोटांनी कशी वाचतात ते डोळे मिटून करून दाखवायचा. मग त्या देशात बंदुका घेतलेल्या टोळ्या फिरू लागल्या. आपल्या सरकारनं तिथल्या सगळ्या भारतीयांना निघून या म्हणून सांगितलं. दुकानदार आले, इंजिनिअर आले. मोने आला नाही. आणि एका रविवारी प्रार्थना चालू असताना त्याला उचलून नेलं.

अम्मा आमच्या अंगणात आली तेव्हा तिच्या हातात फोन होता आणि तिच्या घरातून करपल्याचा वास येत होता. माझी बायको आधी धावत जाऊन तिचा गॅस बंद करून आली, मग तिला धरून बसली. मी? मी बॅनर लिहायला टाकला.

खरंच. मला दुसरं काही येतच नव्हतं. दुपारपर्यंत लाल कापडावर पांढऱ्या अक्षरात ‘सरकार होश में आओ’ तयार होतं. जुन्या लोकांना फोन झाले. शनिवारी मोर्चा, चौकात सभा, चॅनेलवाल्यांना बोलवायचं, मोनेचा मोठा फोटो लावायचा. गल्लीतले काही कुजबुजत होते, सरकारनं ये म्हटलं होतं ना, मग हा कावून थांबला? एकजण तर म्हणाला, तो त्याच्या धर्माच्या कामाला गेला होता, त्यात सरकार काय करेल. त्याला मी जे बोललो ते इथं छापण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिल्लीहून अम्माला फोन आला. परराष्ट्र खात्यातली एक अधिकारी बाई. आवाज तरुण. अम्मा नुसती हूं हूं करत होती, म्हणून मी फोन घेतला. आमचं सगळं बोलणं हिंदीतच व्हायचं, मी ते मराठीत लिहितो आहे. बाई म्हणाली, आपण कोण? मी म्हणालो, शेजारी. मग माझ्या तोंडाचा जो पट्टा सुटला! तुम्ही काय करून राहिले, तुमचे मंत्री काय करून राहिले, एखाद्या शेठचा पोरगा असता तर विमान धाडलं असतं. दम लागेपर्यंत बोललो. शनिवारच्या मोर्चाची धमकीही दिली.

तिनं फोन ठेवला नाही. मधे एकदाही तोडलं नाही. मी थांबलो तेव्हा म्हणाली, “काका, माझ्यावर रोज ओरडा. माझा नंबर घ्या आणि वाटेल तेव्हा ओरडा. फक्त चौकात ओरडू नका.”

“कावून?” माझ्या तोंडून मराठीच निघालं, पण तिला कळलं.

“कारण तुमचा मोर्चा माझ्यावर असेल, पण बघतील ते,” ती म्हणाली. “त्यांच्याकडेही फोन आहेत, काका. आज त्यांना वाटतंय की एक साधा पाद्री हाती लागला. उद्या चौकात त्याचा फोटो दिसला की त्यांना वाटेल, मोठा मासा आहे. मग तो त्यांच्या हातून सुटणार नाही. आम्हाला त्याला तिथं लहानच ठेवायचंय.”

आता सांगा, मोर्चा काढणाऱ्याला असं कोणी कधी सांगितलं असेल? आतापर्यंत साहेब लोक मला म्हणायचे, मोर्चा काढू नका, कायदा आहे, पोलिस आहेत, नोकरी जाईल. त्यावर मी दुप्पट ओरडायचो. हिनं मला धाक दाखवला नाही. आपल्यातला समजून बाजूला घेतलं आणि कारण सांगितलं. मी गप्प बसलो. बायको दारात उभी राहून बघत होती.

“बापा! गप बसले तुमी?” ती म्हणाली. “तब्येत तर बरी आहे ना?”

फोन ठेवायच्या आधी त्या बाईनं एक विचारलं. म्हणाली, “काका, इथं मला सगळे विचारतात की आम्ही निघा म्हटल्यावर हा माणूस का निघाला नाही. मला उत्तर देता येत नाही. तुम्ही ओळखता त्याला?”

मी म्हणालो, “त्याचा रिलीव्हर आला नसेल.”

तिला समजलं नाही. मग मी तिला क्रेन समजावली, शिडी समजावली, खालची माणसं आणि वरची बादली. म्हणालो, मॅडम, ती आंधळी पोरं तिथं आहेत, त्यांना सोडून कोणाच्या भरवशावर येणार? क्रेनवाल्याचं पोरगं आहे ते. माणूस आल्याशिवाय जागा सोडणार नाही. तिनं शब्द पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाली, “बरं. मी असंच सांगेन.”

मोर्चा रद्द झाला. जुने दोस्त चिडले, म्हातारपणी फुटला म्हणाले. मी ऐकून घेतलं. कारणही सांगता येत नव्हतं, कारण जितकं कमी लोकांना माहीत तितकं बरं. आमची गल्ली तशी पोटात काही न राहणारी. मराठी, तेलुगू, मलयाळी, छत्तीसगढी, सगळ्या भाषेत चुगली चालते. पण अम्माचं दुःख त्या गल्लीनं गिळून ठेवलं. एकदा एक पोरगा माईक घेऊन विचारत आला, इथं फादरचं घर कोणतं? पानठेलेवाल्यानं त्याला पान खाऊ घातलं आणि गावाबाहेर नंदिनीच्या रस्त्याला लावून दिलं.

आणि दर शुक्रवारी संध्याकाळी फोन यायचा. तिनंच वार ठरवला. म्हणाली, रोज वाट बघाल तर वेड लागेल, म्हणून शुक्रवार धरून चला. अम्मा टेबलावर फोन ठेवून बसायची, एका बाजूला माझी बायको आणि दुसऱ्या बाजूला मी. चहा व्हायचा आणि तसाच निवायचा. फोन वाजायचा. “अम्मा, मी बोलतेय,” ती म्हणायची. “आज सांगण्यासारखं काही नाही. जेवण झालं का?”

आज सांगण्यासारखं काही नाही! सुरुवातीला हे ऐकून माझं डोकं फिरायचं. मग सांगायचं तरी कशाला? पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की यात सोपं काहीच नाही. काही नसताना फोन करायला हिंमत लागते. मी स्वतः युनियनमध्ये असताना, निलंबित झालेल्या माणसाला सांगायला काही नसलं की, दुसऱ्या रस्त्यानं घरी जायचो. ही बाई दर शुक्रवारी त्याच रस्त्यानं यायची. खोटी आशा तिनं एकदाही दिली नाही. प्रयत्न चालू आहेत, लवकरच, देव करो, असलं काही नाही. काय चाललंय याचा ती ताकास तूर लागू द्यायची नाही, पण कधीकधी एखादी गोष्ट सांगायची. आपला दूतावास त्या देशात नाही, शेजारच्या देशात आहे. तिथला आपला माणूस सरहद्दीवरच्या गावांत जाऊन म्हाताऱ्या पुढाऱ्यांसोबत बसतो, चहा पितो आणि परत येतो. त्या पुढाऱ्यांतला एक मौलवी आहे, तो म्हणतो की मुलांना शिकवणाऱ्याला उचलणं पाप आहे. बस्स, एवढंच. अम्मा ते आठवडाभर चघळायची. मौलवीसाठी चर्चमध्ये मेणबत्ती लावून आली. माझ्या बायकोनं बुद्ध विहारात त्याच्यासाठी वंदना म्हटली. मौलवीला बिचाऱ्याला काय माहीत, हुडकोमध्ये त्याचं किती चाललंय ते.

दिवाळी गेली, नाताळ गेला. अम्मानं केक केला नाही. उन्हाळा लागला. तिचं जेवण सुटलं. रात्रीची भाकर माझी बायको समोर बसून खाऊ घालायची. आणि गल्लीतही आता लोक मोनेबद्दल ‘होता’ म्हणायला लागले होते. चांगला होता बिचारा. ते ऐकलं की मी भडकायचो.

मग एका शुक्रवारी बाईनं अम्माला सांगितलं, फोन घेऊन आत जा, हे कोणासमोर बोलायचं नाही. आम्ही बाहेर बसलो. नंतर कळलं ते असं: त्या टोळीकडून निरोप आला होता की माणूस आमच्याजवळ आहे, बोला. पण खरंच आहे का? जिवंत आहे का? तर एक प्रश्न पाठवायचा, ज्याचं उत्तर फक्त मोनेला माहीत, जे कुठं लिहिलेलं नाही, कोणाच्या फोनमध्ये नाही. अम्मानं विचार करून प्रश्न दिला, ‘बाबा आता ड्युटीवरून येणार, हे तुला लहानपणी कशावरून कळायचं?’ आणि उत्तर दिलं, ‘अंगणातल्या बादलीवरून.’ ती नवऱ्यासाठी गरम पाण्याची बादली अंगणात काढून ठेवायची. बादली दिसली की पोरगं नाचायला लागायचं. तिला पक्की खात्री होती.

पुढचे शुक्रवार कसे गेले ते मी सांगू शकत नाही. अम्मा काही बोलायची नाही आणि आम्हीही विचारायचो नाही.

तो दिवस मात्र लख्ख आठवतो. संध्याकाळची वेळ, मी भिंतीपाशी कढीपत्त्याला पाणी घालत होतो. अम्मा फोन घेऊन आत गेली होती. बाहेर आली ती भिंत धरत धरत.

“उत्तर आलं,” ती म्हणाली. “चुकीचं आहे. तो नाहीये, भैया. माझा मोने नाहीये.”

माझी बायको धावली. अम्मा भिंतीला टेकून खाली बसली आणि मग तिनं प्रश्न सांगितला, बादली सांगितली, आणि आलेलं उत्तर सांगितलं. “म्हणे, काका गेले की कळायचं. कोण काका? कुठं गेले? काहीही लिहून पाठवलंय त्या लोकांनी.”

माझ्या हातातली झारी पडली.

तुम्हाला कळलं का? मला उभ्या जागी कळलं. सेक्टर २ चं अंगण, मधली भिंत, आणि भिंतीवर पाय सोडून बसलेलं ते पोट्टं. अम्माला वाटायचं ते बादली बघतं. अरे, ते माझी सायकल बघायचं! मी सायकल काढली, मी गेलो, की तिकडं त्याचा बाप सुटणार. मी त्याच्या बापाचा रिलीव्हर होतो ना. मी उशिरा गेलो तर त्याचा बाप वर अडकून पडायचा. एकदा माझं चाक बसलं होतं, मी पायी पायी पोचलो आणि मोनेचा बाप इतका उशिरा घरी गेला की पोरगं वाट बघून न जेवता झोपलं. तेव्हापासून माझ्या ड्युटीच्या वेळेला ते भिंतीवरून उडी मारून यायचं आणि स्वतःएवढ्या पंपानं माझ्या दोन्ही चाकांत हवा भरायचं. “काका, चलो ना, ड्यूटी का टाइम हो गया!” माझा चहा संपू द्यायचं नाही. मी त्याला चिडवायचो, “काय बे, तुले माह्यापेक्षा माह्या ड्युटीची घाई!” ते फक्त चाकं दाबून बघायचं.

मी अम्माला ओरडून सांगितलं, “तोच आहे! तोच आहे, अम्मा! काका म्हणजे मी!” आणि मी रडायला लागलो. गेट मीटिंगमध्ये हजार माणसांपुढं बोललेला माणूस, कढीपत्त्यापाशी भोकाड पसरून रडत होतो. बायकोनं माझ्या हातात फोन कोंबला. “रडता कावून? तिले सांगा आधी! फोन लावा!”

लावला. मी जे बडबडलो त्यात सायकल, पंप, क्रेन, बादली सगळं एकात एक. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, ठीक आहे, कळवतो. कारण कागदावर उत्तर चुकलं होतं. आई स्वतः म्हणत होती की चुकलं. एक म्हातारा शेजारी रडत रडत काहीतरी भलतंच सांगत होता, त्यावर कोण पुढं जाईल? या बाईनं म्हटलं, “काका, पाणी प्या. मग पहिल्यापासून सांगा. मी कुठं जात नाहीये.” मी सांगितलं. तिनं उलटसुलट विचारलं, भिंत केवढी होती, शिफ्टचा क्रम असाच का. वकिलासारखी उलटतपासणी घेतली. मग म्हणाली, “मी मानते. पण माझ्या वरच्यांना अजून एक पुरावा लागेल, आणि तो मागणं बरोबर आहे. आणखी एक प्रश्न पाठवू या. काका लवकर निघावेत म्हणून तू काय करायचास?”

उत्तर यायला वेळ लागला. पण आलं तेव्हा पहिल्यांदाच फोन शुक्रवारी आला नाही. मंगळवारी, भर दुपारी. “अम्मा,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज हलला. “चाकात हवा.”

अम्मानं त्या दिवशी स्वतः ताट वाढून घेतलं.

त्यानंतरची गोष्ट माझी नाही, ती त्यांची आहे आणि त्यातलं फारसं मला माहीतही नाही. कोणत्या मंत्र्यानं कोणत्या मंत्र्याला फोन केला, शेजारच्या देशानं काय मध्यस्थी केली, मौलवी पुन्हा किती चहा प्यायला, कोण जाणे. बाई विचारलं तरी सांगायची नाही. पावसाळ्यात मोने सुटला. आधी दिल्ली, मग रायपूरचं विमान. आणायला मी आणि अम्मा गेलो होतो. बाहेर आला तो त्याच्या बापाच्या म्हातारपणासारखा दिसत होता, वाळलेला, दाढी पांढरी झालेली. अम्मानं त्याच्या चेहऱ्याला हात लावला नाही. आधी दोन्ही मनगटं धरली आणि उलटीसुलटी करून बघितली, जिथं दोरीचे वण होते तिथं. मी बाजूला होऊन उगाच टॅक्सीवाल्याशी भांडत राहिलो.

तो दोन दिवस नुसता झोपला. तिसऱ्या दिवशी दुपारी भिंतीपाशी येऊन उभा राहिला. पाऊस उघडला होता म्हणून अम्मा आणि माझी बायको उन्हाळ्यातल्या सांडग्यांना अंगणात ऊन दाखवत होत्या, आणि कशावर? माझ्या त्या लाल बॅनरवर. ‘होश में आओ’ वर सांडगे. मोने ते वाचून हसला. मग मला म्हणाला, “काका, एक विचारायचं होतं. तो निरोप तुम्ही पाठवला होता?”

मी म्हणालो, कोणता निरोप? आम्ही तर फक्त प्रश्न दिले.

मग त्यानं सांगितलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना त्यानं त्या लोकांना विनवलं होतं की मलाही एक विचारू द्या. मुलांपाशी आता कोण आहे? एवढंच. त्याला रात्रंदिवस तीच आग. जिवाची भीती होती, पण तिच्यापेक्षा मोठी भीती ही की आंधळी पोरं भिंती चाचपत त्याला शोधत असतील. तो जेवायचा नाही. मरून जावं असं त्याला वाटायला लागलं होतं. आणि मग बऱ्याच दिवसांनी त्यांच्यातला एकजण आला आणि फोनमध्ये बघून अडखळत अडखळत वाचू लागला. शब्द हिंदी, अक्षरं इंग्रजी, वाचणाऱ्याला अर्थ माहीत नाही. ‘तुम्हारा रिलीव्हर आ गया है. बच्चे ठीक हैं.’

“काका, मी दोनदा वाचायला लावलं,” मोने म्हणाला. “हा शब्द त्या देशात कोणाला माहीत नाही. दिल्लीतही नसेल. मला वाटलं, बाबाच शिडीवरून बोलताहेत. त्या दिवशी मी जेवलो. झोपलो. मग ठरवलं की आता जगायचं आणि घरी जायचं.”

बायको सांडगे सोडून उभी राहिली होती.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी शुक्रवार होता. संध्याकाळ झाली आणि सवयीनं आम्ही अम्माच्या टेबलापाशी जाऊन बसलो. फोन वाजला नाही. वाजणार नव्हताच, तिचं काम झालं होतं. अम्मा तरी फोनकडं बघत बसली. शेवटी मीच लावला.

तिनं उचलला. मी विचारलं, मॅडम, तो निरोप तुमचा होता ना? ती थोडी संकोचली. म्हणाली, “शब्द तुमचा होता, काका. परवानगी मात्र वरून घेतली, एकेक शब्दाची घेतली.”

“आणि त्याला धीर द्यायला तसंच लिहिलं होतं, की खरंच?”

“खरंच,” ती म्हणाली. “त्याचा प्रश्न आला तेव्हा शेजारच्या देशातल्या एका सिस्टर तिथं जायला तयार झाल्या. त्यांना पोचवायची व्यवस्था आम्ही केली. आमचा माणूस जाऊन मुलांना डोळ्यांनी बघून आला, तेव्हा निरोप पाठवला. त्याशिवाय कसा पाठवणार? तुम्हीच सांगितलं होतं ना, रिलीव्हर केबिनमध्ये आल्याशिवाय तो सुटत नाही.”

एवढी भाषणं ठोकली आयुष्यात, त्यातलं एकही वाक्य कामाला येईना. जिंदाबाद म्हणावं असं खरंच ओठावर आलं होतं. अम्मा हातानं खुणावत होती, मला दे, मला दे. आतल्या खोलीतून मोनेच्या घोरण्याचा आवाज येत होता, अगदी बापासारखा.

मी फोन अम्माच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी कानाशी धरला.

“बेटी, मी बोलतेय,” अम्मा म्हणाली. “आज सांगण्यासारखं काही नाही. तो जेवून झोपलाय. तुझं जेवण झालं का?”